आतून कडी

आई गेल्या वर्षी तीन महिन्यांसाठी लंडनला आली होती. राजवाडा, टेम्सचा काठ, ते मोठं चाक, सगळं पहिल्या पंधरा दिवसांत बघून झालं आणि तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. म्हणून एका दुपारी तिला हॉक्स्टनला नेलं. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच 'म्युझियम ऑफ द होम', म्हणजे चालायला नको. तिथे गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या जुन्या आम्सहाऊसच्या १४ नंबरच्या घरात पूर्वीच्या खोल्या होत्या तशा मांडून ठेवल्या आहेत आणि छोट्या गटाला आत नेऊन दाखवतात. एक खोली १७८० च्या दशकातली, दुसरी बरोब्बर शंभर वर्षांनंतरची. पहिल्या खोलीत आम्ही आठ-नऊ माणसं कशीबशी उभी राहिलो. पलंग, टेबल, खुर्ची, फायरप्लेस. माहिती सांगणाऱ्या बाई छान बोलत होत्या. एका माणसाला एक खोली, इथेच रांधायचं, इथेच जेवायचं, इथेच झोपायचं. मी आईच्या कानाशी भाषांतर करत होते. तिचं लक्ष होतं असं वाटत नव्हतं. ती वळून दाराकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "अगं, विचार ना त्यांना, दाराला आतून कडी होती का?"

मी म्हटलं, "असेल गं." तेवढ्यात गट जिन्याकडे निघाला आणि प्रश्न तिथेच राहिला.

घरी येईपर्यंत मी तो विसरलेही असते. पण रात्री झोपताना तो परत आला, दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला, आणि मग रोजच येत राहिला. इतक्या गोष्टी विचारण्यासारख्या होत्या. पाणी कुठून आणायचे, संडास कुठे होता, म्हाताऱ्या माणसांना तो जिना चढवायचा का. आई आयुष्यभर शाळेत शिकवत होती, प्रश्न विचारणं हा तिचा धर्मच. तिने नेमकी कडी का विचारली?

आम्सहाऊस या शब्दाला मला अजून चांगला मराठी शब्द सापडलेला नाही. धर्मशाळा म्हणावं तर ती वाटसरूची, दोन रात्री राहून पुढे जाणाऱ्याची. अन्नछत्रात पोट भरतं, पाठ टेकायला जागा मिळत नाही. वृद्धाश्रम हा शब्द फार अलीकडचा आणि त्याला मुलांनी टाकलेल्या आईबापांचा वास चिकटलेला. इथे कल्पना वेगळी होती. आयुष्यभर कष्ट केले, आता हात चालत नाहीत, गाठीला पैसा नाही, अशा माणसाला मरेपर्यंत एक खोली आणि वर्षाला थोडे पैसे. किंग्जलंड रोडवरचं हे आम्सहाऊस १७१४ साली बांधलं गेलं. चौदा घरं, घरागणिक चार खोल्या, मधोमध प्रार्थनामंदिर, आणि हे सगळं तीन बाजूंनी वळवून मध्ये भलंमोठं हिरवं अंगण. चौथी बाजू रस्त्याकडे उघडी. पुण्यातल्या वाड्याचा एक सोपा काढून टाकला तर मधला चौक जसा दिसेल, तसं काहीसं. तेव्हा इथे शहर नव्हतंच. भाजीचे मळे होते, कुरणं होती, आणि मधून रोमन काळापासून उत्तरेला जाणारा सरळसोट रस्ता. म्हाताऱ्यांना शहराच्या गर्दीपासून, धुरापासून दूर मोकळ्या हवेत ठेवायचं म्हणून ही जागा घेतलेली.

आईला पुढचं अंगण आवडलं. त्या दिवशी चक्क ऊन होतं. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपार कलली की विटांवर तांबूस उजेड चढत जातो आणि चिनाराच्या जातीच्या मोठमोठ्या 'प्लेन' झाडांच्या सावल्या हिरवळीवरून दारांकडे सरकू लागतात. रस्त्यावरून बसेस धडधडत होत्या, पलीकडच्या व्हिएतनामी खाणावळींमधून चक्रीफूल आणि दालचिनीचा वास येत होता. आईने दोनदा श्वास ओढून विचारलं, "इथे गोडा मसाला कोण भाजतंय?" बाकावर बसून तिने चपला काढल्या आणि पाय गवतावर ठेवले. "अशा अंगणात बसायला मिळत असेल तर म्हातारपण वाईट नाही," असं म्हणाली, आणि लगेच, "पण थंडीत काय करत असतील गं?"

मागच्या बाजूची बाग निराळी. तिथे एकेका काळातली घरगुती बाग एकेका वाफ्यासारखी मांडली आहे. सतराव्या शतकातल्या लोकांना झाडंसुद्धा शिस्तीत लागत, म्हणून कातरलेल्या ठेंगण्या कुंपणांची नक्षी. व्हिक्टोरियन काळात रंगांची हौस आणि काचघर. मग हळूहळू सैल, फुलांनी ओसंडणारे ताटवे. हे सारं गेल्या काही दशकांतलं, आम्सहाऊसच्या काळचं नव्हे, आणि ते तसं कळतंही. सगळं जरा जास्तच नीटनेटकं आहे. पण बाजूला भिंतीआड जो औषधी वनस्पतींचा बगीचा आहे त्यात आईचं म्हातारपण पुसलं गेलं. हा तुकडा १९९२ साली एका पडीक जागेवर केला. आई गुडघेबिडघे विसरून वाकून प्रत्येक पान चुरगाळत सुटली. पुदिना ओळखला, बडीशेप ओळखली. थाइमचं एक बारीक पान बोटांत रगडून माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाली, "हा तर ओवा!" मी घरी येऊन वाचलं तर तिचं नाक बरोबर होतं. दोन्हींत थायमॉल नावाचं एकच द्रव्य असतं. ते तिला सांगितलं तर तिला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "ताईआत्याच्या डब्यात ओवा होता."

ताईआत्या म्हणजे तिची आत्या. मी तिला फक्त एका फोटोत पाहिलंय, तोही पन्नास माणसांच्या फोटोत, कडेला अर्धी कापलेली. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात पुढची साठ वर्षं राहिली. आईच्या बोलण्यात ती नेहमीच असायची, पण स्वयंपाकघरातल्या गोष्टींसारखी. तिच्या हातची भाकरी, तिने कुरडयांसाठी केलेला गव्हाचा चीक, तिने घातलेला काढा. मागच्या अंगणात मोरीच्या कडेला डालड्याच्या डब्यांत तिने लावलेली झाडं होती. ओवा, गवती चहा, तुळस आणि एक अडुळसा, जो डब्यात मावायचा नाही म्हणून दर पावसाळ्यात छाटला जायचा. वाड्यातल्या कुणाला खोकला झाला की त्या डब्यांकडे धाव. एरवी त्यांना ढकलून सायकली लावायचे.

बागेतून परतताना गाडीत आई एकदम सांगायला लागली. ताईआत्या माजघरात झोपायची. मुलांची रांग लागायची, त्या रांगेत शेवटची पथारी तिची. पहाटे कुणी पाणी प्यायला उठलं की तिच्या पायांवरून जायचं. एक पत्र्याची ट्रंक, तिला कुलूप होतं, पण मुलं किल्ली शोधून खाऊ पळवायची. लुगडं बदलायला मोरी. रडू आलं तरी मोरीच. "आणि गंमत बघ," आई म्हणाली, पण तिचा चेहरा गंमत सांगणाऱ्याचा नव्हता, "रात्री वाड्याच्या दिंडीदरवाजाला अडसर घालायचं काम तिचं. सगळे झोपले की ती जायची, तो लाकडी अडसर सरकवायची, कोयंडा बघायची. आम्हाला आतून आवाज यायचा, मग झोप लागायची. सगळ्या वाड्याची कडी ती लावायची. तिची म्हणून एकही कडी नव्हती."

त्यानंतर दोन स्टेशनं आम्ही काही बोललो नाही.

मी परत एकदा, एकटीच, त्या आम्सहाऊसच्या अंगणात जाऊन बसले. आईचा प्रश्न घेऊन त्या चौदा दारांकडे बघत राहिले. अठराव्या शतकात इथे राहायला येणारे म्हणजे थकलेले कारागीर, छोटे धंदेवाले, त्यांच्या विधवा. पुढे पुढे बायकाच जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर कितीतरी जणी निवृत्त गव्हर्नेस होत्या. दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या मुलांना फ्रेंच आणि पियानो शिकवत आयुष्य घालवलेल्या बायका. मालकांच्या पंगतीत नाही, नोकरांच्याही पंगतीत नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवरचं आयुष्य. मुलं मोठी झाली की यांची पेटी बाहेर. अशा बाईला साठीत पहिल्यांदा एक दार मिळालं असेल. ते तिने पहिल्या रात्री कसं लावलं असेल, या विचारापाशी माझं मन अडकून बसतं. नियम होते, प्रार्थनेला जावं लागे, वागणूक चांगली ठेवावी लागे. हे सगळं मान्य करूनही मला ती खोली फार मोठी वाटते. इमारतीच्या कमानी, घुमटी, प्रमाणबद्धता यांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. गरिबांसाठी बांधताना दर माणशी एक दार मोजलं, हे मला त्याहून थोर वाटतं.

आणि मग मान वर होते, आणि प्रार्थनामंदिराच्या दारावरच्या कोनाड्यात तो उभा असतो.

सर रॉबर्ट जेफ्री. त्याच्याच पैशांतून हे सारं उभं राहिलं. कॉर्नवॉलमधल्या एका साध्या घरातला मुलगा, जन्म १६१३ चा. लंडनला आला, व्यापारात अफाट पैसा केला, १६८५ साली शहराचा लॉर्ड मेयर झाला. मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेलेली. १७०४ साली वारला तेव्हा मृत्युपत्रात गरिबांच्या निवाऱ्यासाठी पैसे ठेवून गेला. इथपर्यंत गोष्ट कुठल्याही गावातल्या दानशूर सावकाराची. पण त्याचा पैसा रॉयल आफ्रिकन कंपनीतही होता, म्हणजे माणसांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून बेड्या घालून अमेरिकेच्या आणि कॅरिबियन बेटांच्या मळ्यांवर विकणाऱ्या व्यापारात. गुलाम वाहणाऱ्या एका जहाजात त्याची भागीदारी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातही त्याचा पैसा होता. त्याच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६६८ साली, मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने त्या कंपनीच्या हाती गेलं. हे वाचल्यावर त्या पुतळ्याकडे बघताना आपण परक्या देशाच्या भांडणात पाहुणे आहोत, असं वाटेनासं होतं.

२०२० च्या उन्हाळ्यात, ब्रिस्टॉलमधला गुलाम-व्यापाऱ्याचा पुतळा लोकांनी ओढून पाण्यात टाकला त्यानंतर, इथल्या स्थानिकांनाही विचारलं गेलं. बहुतेकांनी सांगितलं, काढा. विश्वस्तांनी ठेवला. मला तो निर्णय चुकीचा वाटला आणि अजूनही वाटतो. आता खाली पाटी आहे, ती खरं सांगते. पण पाटी खाली आणि तो वर. त्यातून आणखी एक गोष्ट अशी की हा मूळ पुतळा नव्हेच. मूळ शिशाचा पुतळा १७२३ सालचा, तो आम्सहाऊस चालवणाऱ्या आयर्नमंगर्स कंपनीने १९१२ मध्ये इथून जाताना सोबत नेला. आज वर उभी आहे ती त्याची प्रतिकृती. नकलेसाठी इतकं अडून बसायचं?

कोपऱ्यात छोटीशी दफनभूमी आहे. जेफ्री आणि त्याची बायको तिथे आहेत, पण तेही नंतर आलेले. शहरातलं त्यांचं चर्च १८७८ साली पाडलं तेव्हा अस्थी इकडे हलवल्या. म्हणजे पैसे देणारासुद्धा शेवटी आश्रितांच्या अंगणातच आला. मी तिथल्या कठड्यापाशी उभी होते तेव्हा इमारतीच्या मागून गाडी गेली. हा विटांचा उंच रेल्वेमार्ग १८६५ सालचा. मधली काही वर्षं बंद होता, २०१० मध्ये पुन्हा सुरू झाला आणि हॉक्स्टन स्टेशन झालं. २०२४ मध्ये या मार्गाला नाव दिलं 'विंडरश लाइन'. १९४८ साली कॅरिबियन बेटांवरून माणसं घेऊन आलेल्या जहाजाचं नाव. त्या माणसांच्या पूर्वजांना बेड्या घालून त्या बेटांवर नेलं गेलं होतं. पुढे रस्त्याकडे तोंड करून जेफ्री, आणि त्याच्या पाठीमागून दर काही मिनिटांनी ते नाव घेतलेली गाडी. कुणी ठरवून केलेलं नाही, पण मला पुतळ्याखालच्या पाटीपेक्षा ते जास्त बोलकं वाटलं.

पुणेकरांना हा गुंता नवा नाही. नव्या पेठेत 'निवारा' आहे, त्याचं मूळ नाव डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह. त्याच्या सभागृहात मी कितीतरी कार्यक्रम ऐकलेत, मध्यंतरात बाहेर येऊन झाडांखाली चहा प्यायले आहे, आणि पलीकडच्या ओसरीत बसलेल्या आजी-आजोबांकडे नीट न बघता परत आत गेले आहे. डेव्हिड ससून हे ज्यू व्यापारी बगदादहून पळून १८३२ साली मुंबईत आले, पुण्यात १८६४ साली वारले, तिथल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात त्यांची समाधी आहे. ससून रुग्णालयात आमच्या पेठेतल्या निम्म्या गरीब घरांची बाळंतपणं झाली. त्या पैशात कापूस होता आणि अफूही होती. ती अफू चीनमध्ये जात होती. मी लहानपणापासून 'ससून' हा शब्द हजारदा उच्चारला असेल, पण ग्वांगझूच्या कुठल्याशा घरातला धूर त्यात मला कधी दिसला नव्हता. लंडनमध्ये जेफ्रीच्या पुतळ्याखाली उभी राहून रागावताना तो पहिल्यांदा दिसला. हिशेबाची वही घेऊन वजाबाकी करावी म्हटलं तर करता येत नाही. एका बाजूला ताईआत्यासारखीला मिळालेली खोली, दुसऱ्या बाजूला जहाजाच्या तळाशी साखळीत घातलेली तिच्याच वयाची मुलगी. या दोन रकमा एकाच रकान्यात लिहायला माझा हात धजत नाही.

इमारत टिकली त्याची गोष्ट मला त्यामानाने निर्भेळ आनंद देते. एकोणिसावं शतक संपता संपता भाजीचे मळे केव्हाच गेले होते. शोरडिच म्हणजे लाकूडकाम करणाऱ्यांचा भाग झाला होता. गल्लोगल्ली फर्निचरचे कारखाने, भुसा, वॉर्निश, सरस, आणि एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबं. आम्सहाऊसच्या म्हाताऱ्यांना ज्या मोकळ्या हवेसाठी इथे आणलं, ती हवाच उरली नाही. आयर्नमंगर्स कंपनीने जागा विकायला काढली आणि रहिवाशांना केंटमध्ये मॉटिंगहॅमला नेलं. इमारत पाडून टाकली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण त्या साऱ्या भागात पोरांना खेळायला, कारागिरांना दुपारची भाकरी खायला हिरवी जागा अशी जवळपास उरलीच नव्हती. लोकांनी रेटा लावला आणि लंडन काउंटी कौन्सिलने जागा विकत घेतली. त्यामागे बागेचं कारण मोठं होतं. इमारत त्या बागेच्या पदराला धरून वाचली. मग रिकाम्या घरांचं काय करायचं, तर आजूबाजूच्या सुतारांना जुनं उत्तम काम बघायला मिळावं म्हणून १९१४ साली तिथे फर्निचरचं संग्रहालय सुरू झालं. सुतारांसाठी संग्रहालय! दिवसभर खुर्च्यांचे पाय कातून दमलेला माणूस संध्याकाळी येऊन दोनशे वर्षांपूर्वीच्या खुर्चीचा पाय निरखतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नंतर मार्जरी क्वेनेल नावाच्या बाई तिथे क्युरेटर झाल्या, त्यांनी एकेका काळातलं दिवाणखान्याचं रूप ओळीने मांडलं, आणि हे घरांचं संग्रहालय झालं. एके काळी ज्यांना घर नव्हतं त्यांच्या खोल्यांमध्ये.

या सगळ्यात आयर्नमंगर्स कंपनी म्हणजे कोण, हे मी इतके दिवस नीट बघितलंच नव्हतं. लंडनच्या जुन्या बारा मोठ्या व्यापारी संघांपैकी एक, लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यांचा. जेफ्री त्याचा सभासद आणि प्रमुखही. म्हणून त्याने आपला पैसा त्यांच्या हवाली केला, जमीन त्यांनी घेतली, बांधकाम त्यांनी केलं. आयर्नमंगर म्हणजे आपल्या बोहरी आळीतलं दुकान. खिळे, बिजागऱ्या, कुलपं, कडी-कोयंडे.

हे लक्षात आलं त्या संध्याकाळी मी घरी लवकर आले. आई हॉलमध्ये सोफ्यावर बसून वाचत होती. आमच्या घरात आई हॉलमध्ये झोपते. सोफा उलगडला की पलंग होतो, आणि हॉल स्वयंपाकघराला जोडलेला, मध्ये भिंत नाही, दार नाही. आम्ही घर घेतलं तेव्हा याचंच कौतुक केलं होतं, किती मोकळं, किती उजेड. सकाळी सहाला मी चहा टाकायला येते तेव्हा आई उठून, पांघरूण घडी करून, सोफा परत सोफा करून, वेणी घालून बसलेली असते. मला वाटायचं, शिस्त. कपडे घेऊन ती बाथरूममध्ये जाते. तिची बॅग खुर्चीमागे असते. मुलगी रात्री पाणी प्यायला उठते ती आजीच्या पायांपाशी वळसा घालून. हे मी महिनाभर रोज बघत होते.

मी काही बोलले नाही. बोलता आलं नसतं. शनिवारी नवरा आणि मी मिळून मागची छोटी खोली रिकामी केली, जिच्यात इस्त्रीचं टेबल, सायकल आणि न उघडलेली खोकी होती. मुलीने तिच्या खोलीतला दिवा आणून दिला. आई दारात उभी राहून "कशाला उगीच, आता दीड महिना तर राहिला," म्हणत होती आणि कुठलं खोकं कुठे जावं हेही सांगत होती. खिडकीत मी थाइमची एक कुंडी ठेवली. मग कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. पाटीवर जुन्या अक्षरांत 'आयर्नमंगर' असं लिहिलेलं आहे, अकरा वर्षं मी त्या पाटीखालून जातेय. म्हाताऱ्या दुकानदाराने तीन प्रकारच्या कड्या काउंटरवर मांडल्या. मी तिन्ही सरकवून पाहिल्या आणि सांधेदुखीच्या बोटांना जड जाणार नाही ती घेतली.

कडी बसवताना आई म्हणाली, "मला काय करायचीय कडी? चोर येणारेत का?" नवरा म्हणाला, "असू दे हो आई." त्याने चार स्क्रू पिळले, भुसा फुंकरला, आणि दार एकदा उघडून मिटून दाखवलं.

त्या रात्री साडेदहाला तिने दार लोटलं. मी अंधारात हॉलमध्ये उभी होते. कडी लागल्याचा आवाज आला. मग निघाल्याचा आला. थोड्या वेळाने पुन्हा लागल्याचा आला, आणि मग आतला दिवा मालवला गेला.